पहिला नमस्कार कोणी करावयाचा?

दिवाळीच्या सुट्टीत कॉलेजचे वसतिगृह आपण कधी पाहिले आहे काय? वसुबारसेपर्यंत तेथे कोण गलबला असतो! कोणी ट्रंक आवळतो आहे, कोणी एस.टी.च्या जागेसाठी धावतो आहे, कोणी मित्राकडून दहा रुपये उसने मागतो आहे. आणि धनत्रयोदशीच्या संध्याकाळी पाहावे, तर सारे चिडीचूप. व्हरांड्यात एखादे कुत्रे निजलेले आणि मेसच्या दाराला भले मोठे कुलूप!

१९८१ सालची गोष्ट. मी तेव्हा पुण्यात शिकत होतो. आमच्या वसतिगृहात पूर्व आफ्रिकेतून आलेला एक विद्यार्थी होता. उंच, काळाभोर, अबोल. मेसमध्ये हात धुण्याच्या जागेजवळ चौघांचे एक टेबल होते, तेथे तो बसे. उरलेल्या तीन खुर्च्या रिकाम्या. बाकीच्या टेबलांवर आम्ही पाच-पाच जण दाटीवाटीने जेवत असू. पण त्या तीन खुर्च्यांकडे कोणाचे पाय वळत नसत. त्याला आम्ही कधी धक्का मारला नाही की तोंडावर शिवी दिली नाही. आम्ही पडलो सुसंस्कृत घरांतली मुले! आम्ही त्याला फक्त एक टोपणनाव ठेवले होते, जे येथे लिहिण्याजोगे नाही. आणि आम्ही त्याच्याशी बोलत नव्हतो, इतकेच.

त्या दिवाळीला मी ट्रंक घेऊन जिना उतरत असता तो समोर आला. मोडक्यातोडक्या हिंदीत त्याने विचारले, "मेस कितना दिन बंद?" "पाँच दिन," असे सांगून मी स्टँडकडे धूम ठोकली. घरी पाच दिवस यथेच्छ फराळ केला. निघताना आईने डबा भरून दिला आणि म्हणाली, "तिथल्या पोरांनाही दे रे." वाटेत गाडीत क्षणभर मनात आले की, त्यालाही चार चकल्या द्याव्या. पण मित्र काय म्हणतील? डबा आमच्याच खोलीत दोन दिवसांत फस्त झाला.

पुढच्या सत्रात तो दिसला नाही. कोणी म्हणे त्याने कॉलेज बदलले, कोणी म्हणे तो मायदेशी परतला. नक्की कोणालाच ठाऊक नव्हते. कारण त्याला विचारणारेच कोणी नव्हते.

ते पाच दिवस तो काय जेवला असेल, हा प्रश्न मला तेव्हा पडला नाही. तो पडला चाळीस वर्षांनी. माझी मुलगी शिकण्यासाठी अमेरिकेत गेली. पंधरा दिवसांनी तिचा फोन आला. इकडचे तिकडचे बोलून झाल्यावर ती म्हणाली, "बाबा, आज दिवसभरात माझ्याशी कोणी बोललेच नाही. दुकानातल्या बाईने पिशवी हवी का, एवढे विचारले, तेवढेच." मी तिला धीराचे चार शब्द सांगितले, पण फोन ठेवल्यावर डोळ्यांपुढे उभ्या राहिल्या त्या हात धुण्याच्या जागेजवळच्या तीन रिकाम्या खुर्च्या!

परक्या रंगाच्या, परक्या वंशाच्या विद्यार्थ्याला विद्येच्या मंदिरात आपलेपणा वाटावा, यासाठी कोणी काही केले आहे काय? मग मी या विषयावर मिळेल ते वाचू लागलो. त्यातून जे हाती आले, ते वाचकांपुढे ठेवतो.

तीन आठवड्यांतला पहिला शब्द

१९०९ साल. न्यूयॉर्कमधील कोलंबिया विद्यापीठाच्या ग्रंथालयाच्या पायऱ्या. सकाळची वेळ. हॅरी एडमंड्स नावाचे एक गृहस्थ घाईघाईने त्या पायऱ्यांवरून चालले होते. वाय.एम.सी.ए. या संस्थेचे ते कार्यकर्ते. समोरून एक चिनी विद्यार्थी आला. एडमंड्स सहज "गुड मॉर्निंग" म्हणाले आणि पुढे निघाले. चार पावले गेल्यावर पाहतात, तो विद्यार्थी तेथेच थांबलेला! तो म्हणाला की, मला न्यूयॉर्कात येऊन तीन आठवडे झाले, आणि माझ्याशी आपण होऊन बोललेले तुम्ही पहिलेच.

लक्षावधी माणसांचे शहर, हजारो विद्यार्थ्यांचे विद्यापीठ. आणि तीन आठवड्यांत एक शब्द नाही! दुसरा कोणी असता, तर हळहळून घरी गेला असता. एडमंड्सही घरी गेले; पण त्यांनी ती हकीगत आपल्या पत्नीला, फ्लॉरेन्सबाईंना सांगितली. दोघांनी मिळून ठरविले की, अशा मुलांना आपल्या घरी चहाला बोलवावयाचे. चहाची पुढे रविवारची जेवणे झाली. मुले एकमेकांना घेऊन येऊ लागली. निरनिराळ्या देशांची, निरनिराळ्या रंगांची. जागा अपुरी पडू लागली. अखेर धाकट्या जॉन डी. रॉकफेलर यांनी पैसा पुरविला आणि १९२४ साली हडसन नदीच्या काठाजवळ 'इंटरनॅशनल हाऊस' नावाचे सुमारे पाचशे विद्यार्थ्यांचे वसतिगृह उभे राहिले. देशी आणि परदेशी, गोरे आणि काळे, मुलगे आणि मुली एका छपराखाली राहतील आणि एका भोजनगृहात जेवतील, ही त्या घराची रीत. ते घर आजही आहे.

एका 'गुड मॉर्निंग'मधून एवढी इमारत उभी राहिली! गोष्ट येथे संपविली असती, तर दिवाळी अंकाला शोभेल असा गोड शेवट झाला असता. पण खरी गोष्ट इतकी गोड नाही.

एकाच टेकडीवर

ज्या टेकडीवर कोलंबिया विद्यापीठ वसले आहे, तिचे नाव मॉर्निंगसाइड हाइट्स. १९१३ च्या जुलैत याच टेकडीवर बडोद्याच्या महाराजांची शिष्यवृत्ती घेऊन एक बावीस वर्षांचा मराठी तरुण उतरला. भीमराव रामजी आंबेडकर. पहिले काही दिवस ते 'हार्टली हॉल' या वसतिगृहात राहिले, पुढे कॉस्मॉपॉलिटन क्लबच्या जागेत आणि त्यानंतर 'लिव्हिंगस्टन हॉल'मध्ये, नवल भथेना या पारशी मित्राच्या जोडीने. साताऱ्याच्या शाळेत ज्या मुलाने घरून गोणपाट नेऊन कोपऱ्यात वेगळे बसावे, आणि शिपायाने नळ सोडला तरच पाणी प्यावे, त्या मुलाला या टेकडीवर कोणी जात विचारली नाही. पुढे त्यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे की, युरोप-अमेरिकेतल्या पाच वर्षांच्या वास्तव्याने आपण अस्पृश्य आहोत ही जाणीवच मनातून पुसून गेली होती. १९१७ साली ते बडोद्यास परत आले, तेव्हा त्यांना राहावयास खोली मिळेना, आणि एका पारशी विश्रामगृहातून लाठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले, हा इतिहास आपणा सर्वांस ठाऊक आहे.

हे वाचून आपण म्हणू, "पहा, अमेरिका किती उदार!" जरा थांबा.

१९२१ साली त्याच हार्टली हॉलच्या दाराशी दुसरा एक तरुण येऊन उभा राहिला. त्याने पत्राने खोली आधीच राखून ठेवली होती. पत्रात रंग दिसत नाही! प्रत्यक्ष मुलगा पाहिला तेव्हा कारकुनांची त्रेधा उडाली. खोल्या शिल्लक नाहीत, असे सांगून पाहिले. मुलगा हटला नाही आणि कागद पक्का होता, म्हणून अखेर खोली मिळाली. हा मुलगा म्हणजे पुढे जगप्रसिद्ध झालेला कृष्णवर्णीय अमेरिकन कवी लँगस्टन ह्यूज. विद्यार्थ्यांच्या वर्तमानपत्रात त्याने काम मागितले, तर त्याला काम दिले ते गोऱ्या विद्यार्थ्यांच्या क्लबांतील आणि मेजवान्यांतील बातम्या आणण्याचे. म्हणजे ज्या दारांतून त्याला आत पाऊल टाकता येत नव्हते, नेमके तेथले! त्याची दोस्ती जमली ती एका चिनी विद्यार्थ्याशी. वर्षभराने ह्यूजने विद्यापीठ सोडले.

आणि १९२४ चा एप्रिल. इंटरनॅशनल हाऊस उघडले तेच हे साल. फ्रेडरिक वेल्स हा कायद्याचा कृष्णवर्णीय विद्यार्थी विद्यापीठाच्या 'फर्नाल्ड हॉल'मध्ये राहावयास आला, एवढ्या कारणावरून विद्यापीठाच्या मैदानावर रात्री क्रूस पेटविण्यात आला. अमेरिकेत पेटता क्रूस म्हणजे "चालता हो, नाही तर परिणाम भोग" अशी काळ्या माणसाला दिलेली धमकी. वेल्स खोली सोडून गेला नाही.

एकच टेकडी, पण दुरून आलेल्या हिंदी विद्यार्थ्याला तेथे मोकळा श्वास घेता आला, आणि त्याच देशात जन्मलेल्या काळ्या मुलाला खोलीसाठी भांडावे लागले. मला वाटते, यात एक फार जुनी मानवी खोड आहे. दूरदेशीच्या पाहुण्याचे कौतुक करणे सोपे असते. त्याच्याशी आपला जुना हिशेब नसतो. ज्याच्याशी पिढ्यान् पिढ्या आपण वाईट वागलो, त्याच्याशेजारी पानावर बसणे मात्र जड जाते. न्यूयॉर्कची टेकडी आणि साताऱ्याची शाळा या दोन्ही ठिकाणी हे एकच सत्य दिसते, फक्त माणसे बदलतात.

त्याच साली साताऱ्यात

येथे एक योगायोग सांगितल्यावाचून राहवत नाही. १९२४ सालीच, ज्या साताऱ्यात भीमरावांनी गोणपाटावर बसून धुळाक्षरे गिरविली, त्याच साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटलांनी आपले वसतिगृह सुरू केले. तेथे सर्व जातींची मुले एकत्र राहत, स्वतः स्वयंपाक करीत आणि एका पंक्तीला जेवत. १९२७ साली महात्मा गांधींच्या हस्ते त्याचे 'छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस' असे नामकरण झाले. भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी या मुलांच्या पोटासाठी अंगावरचे दागिने विकले, अखेर मंगळसूत्रही विकले.

न्यूयॉर्कच्या फ्लॉरेन्सबाई आणि साताऱ्याच्या लक्ष्मीबाई. दोघींनी एकमेकींचे नावही ऐकले नसेल. पण दोघींच्या घरी उमगले ते एकच: मुलाला शाळेत घातले म्हणजे काम संपत नाही, त्याचे पान कोणाच्या शेजारी मांडले जाते, यावर सारे ठरते.

आठशेंच्या सभेत एक बाई

न्यूयॉर्कचे घर चालू लागल्यावर एडमंड्सनी पश्चिम किनाऱ्यावर, कॅलिफोर्नियातील बर्कले येथे तसेच घर उभारावयाचे ठरविले. जागा निवडली ती पीडमाँट अव्हेन्यूवरची. या रस्त्यावर गोऱ्या विद्यार्थ्यांचे श्रीमंती क्लब होते, आणि तेथे परदेशी व काळ्या-सावळ्या मुलांना मज्जाव होता. शहराच्या एखाद्या आडबाजूला घर बांधले असते, तर कोणी हूं की चूं केले नसते. पण भेदभावाच्या ऐन नाकासमोरच घर बांधावयाचे, हा एडमंड्सचा हट्ट!

मग व्हावयाचे तेच झाले. घरमालक खवळले. निरनिराळ्या वंशांची मुले-मुली एका घरात राहणार? आमच्या घरांच्या किमती काय राहतील? निषेधासाठी सभा भरली. आठशेंच्यावर माणसे जमली. त्या सभेत एक कृष्णवर्णीय बाई उभ्या राहिल्या आणि त्यांनी या घराची बाजू तळमळीने मांडली. त्यांचे नाव डेलाइला बीझली. 'ओकलंड ट्रिब्यून' या वर्तमानपत्रात त्या लिहीत असत. आठशे विरोधकांत उठून बोलावयास कोणते काळीज लागत असेल, याची कल्पना ज्याने कधी सोसायटीच्या सभेत एकट्याने हात वर केला आहे त्यालाच येईल.

१८ ऑगस्ट १९३० रोजी ते घर उघडले. १९३२ साली शिकागोतही असेच घर निघाले.

दार उघडले, पण पान?

आता दुसरी बाजू पाहा. काही ठिकाणी दार प्रेमाने उघडले नाही, ते कायद्याच्या पहारीने उघडावे लागले.

ओक्लाहोमा विद्यापीठात १९४८ साली जॉर्ज मॅक्लॉरिन हे कृष्णवर्णीय शिक्षक डॉक्टरेटसाठी दाखल झाले. त्यासाठी त्यांना कोर्टात जावे लागले होते. प्रवेश मिळाला, पण कसा? वर्गात नव्हे, वर्गालगतच्या खोलीत त्यांची खुर्ची. तेथून दाराच्या फटीतून फळा पाहावयाचा. ग्रंथालयात त्यांच्यासाठी वेगळे टेबल, इतरांच्या वाचनकक्षात बसावयाचे नाही. उपाहारगृहात वेगळे टेबल आणि जेवणाची वेळही वेगळी. पुढे त्यांना वर्गात घेतले, तर त्यांच्या जागेभोवती कठडा आणि त्यावर पाटी: ही जागा काळ्यांसाठी राखीव. कालांतराने कठडा आणि पाटी गेली, तरी वेगळी रांग राहिलीच.

विद्यापीठाचे म्हणणे सरळ होते: "यांना तेच प्राध्यापक, तीच पुस्तके, तेच व्याख्यान मिळते. मग तक्रार कसली?" मॅक्लॉरिन पुन्हा कोर्टात गेले. ५ जून १९५० रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने निकाल दिला. त्याचा मथितार्थ असा की, शिकणे म्हणजे नुसते व्याख्यान ऐकणे नव्हे. सहाध्याय्यांशी वाद घालणे, विचारांची देवघेव करणे हाही शिक्षणाचाच भाग आहे. त्यापासून माणसाला तोडले, तर त्याचे शिक्षणच अपुरे राहते.

केवढा मोठा विचार हा! मेसमधल्या तीन रिकाम्या खुर्च्या म्हणजे केवळ मन दुखावण्याचा प्रश्न नव्हे. त्या खुर्च्या रिकाम्या ठेवून आम्ही त्या आफ्रिकी मुलाचे अर्धे शिक्षणच हिरावून घेतले होते. आणि आमचेही! नकाशात दाखविता येत नव्हता असा एक देश आमच्या शेजारच्या टेबलावर रोज जेवत होता, आणि आम्ही त्याला एक प्रश्न विचारला नाही.

परंतु कायद्याच्या हाताला एक मर्यादा आहे. १९६२ साली जेम्स मेरेडिथ हा कृष्णवर्णीय तरुण मिसिसिपी विद्यापीठात दाखल होणार, म्हणून आदल्या रात्री तेथे दंगल उसळली. दोन माणसे मेली. हजारोंच्या संख्येने सैनिक आणावे लागले. १ ऑक्टोबर रोजी मेरेडिथने नाव नोंदविले. संरक्षणाला सरकारी शिपाई होते, अंगाला हात लावण्याची कोणाची छाती नव्हती. पण तो जेवणाच्या टेबलाशी येऊन बसला की भोवतालची मुले उठून जात. रात्री त्याच्या खोलीच्या वरच्या मजल्यावर कोणी तरी चेंडू आपटीत राही, झोप लागू नये म्हणून. १९६३ च्या ऑगस्टमध्ये तो पदवीधर झाला. सरकारने त्याला खोली दिली, वर्ग दिला, पदवी दिली. टेबलाशी सोबत मात्र सरकार देऊ शकले नाही. ती देणे विद्यार्थ्यांच्याच हाती होते.

गणिताच्या वर्गातील कोडे

आता कोणी म्हणेल, "हे सारे भावनेचे झाले. अभ्यासाशी याचा काय संबंध?" त्याचे उत्तर एका गणितज्ञाने दिले आहे.

१९७० नंतरच्या दशकात बर्कले येथे युरी ट्राइझमन हे तरुण गणितज्ञ शिकवीत होते. कृष्णवर्णीय मुले पहिल्या वर्षाच्या कलनशास्त्रात फार मोठ्या संख्येने नापास होत. चिनी वंशाची मुले मात्र चमकत. प्राध्यापकांना कारण विचारले, तर कोणी म्हणे पाया कच्चा, कोणी म्हणे घरची गरिबी, कोणी म्हणे आवडच नाही. ट्राइझमन यांनी अंदाज बाजूला ठेवून वीस कृष्णवर्णीय आणि वीस चिनी वंशाच्या मुलांचा अभ्यास कसा चालतो, ते त्यांच्यामागोमाग हिंडून पाहिले.

काय आढळले? ती कृष्णवर्णीय मुले आळशी नव्हती. आपापल्या शाळांत पहिली आलेली, घरच्यांनी मोठ्या आशेने पाठविलेली अशी ती मुले. आठवड्याला सात-आठ तास नेमाने अभ्यास करीत. पण एकटी, खोलीचे दार लावून. चुकले तर कोठे चुकले, हे सांगावयास कोणी नाही. आपल्यालाच हे अवघड जाते आहे की सर्वांनाच, हे कळावयास मार्ग नाही. चिनी मुले आधी एकटी अभ्यास करीत आणि मग संध्याकाळी एकत्र जमून उत्तरे ताडून पाहत, एकमेकांच्या चुका काढीत, जुने पेपर सोडवीत. जेवण आणि गणित एकाच टेबलावर चाले.

ट्राइझमन यांनी युक्ती केली ती फार मार्मिक. "तुम्ही कच्चे आहात, जादा शिकवणीला या," असे ते म्हणाले नाहीत. "तुम्ही हुशार आहात, तुमच्यासाठी अवघड गणिते काढली आहेत, चौघे-पाच जण मिळून सोडवा," असे म्हणाले. आणि परिणाम असा की, या गटांतील कृष्णवर्णीय मुले गटांबाहेरील आपल्या बांधवांच्याच नव्हे, तर गोऱ्या आणि आशियाई वर्गबंधूंच्याही पुढे गेली! बुद्धी तीच होती, पुस्तक तेच होते. बदलले होते ते टेबल.

आणखी एक प्रयोग. ग्रेगरी वॉल्टन आणि जेफ्री कोहेन या मानसशास्त्रज्ञांनी तो २०११ साली 'सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध केला. नव्या विद्यार्थ्यांना त्यांनी सुमारे तासभर वरच्या वर्गांतील मुलांचे अनुभव वाचावयास दिले. "पहिले काही महिने आम्हालाही परके वाटले, कोणत्याही रंगाच्या मुलाला वाटते, पुढे ते जाते," असा त्या अनुभवांचा सूर. मग त्यावर स्वतः लिहावयास आणि बोलावयास सांगितले. एवढ्यावर तीन वर्षांत कृष्णवर्णीय आणि गोऱ्या विद्यार्थ्यांच्या गुणांतील अंतर निम्म्यावर आले.

तासाभराचे असे औषध असते, तर काय हवे होते! पण २०२३ साली याच धर्तीचा फार मोठा प्रयोग प्रसिद्ध झाला. २२ संस्था, सुमारे २७ हजार विद्यार्थी. त्यातून दिसले की, जेथे मुलांना सामावून घेणारे वातावरण खरोखर होते, तेथेच या धीराच्या शब्दांचा गुण आला. बरोबरच आहे. "हळूहळू आपलेपणा वाटेल" असे सांगावयाचे आणि टेबलावरून उठून जावयाचे, हे कसे चालेल? बी चांगले असले तरी खडकावर ते कसे रुजणार?

आपल्या दारी

हा सारा अमेरिकेचा पाढा आपण का वाचावा? एक तर आपली मुले तेथे आहेत. विमानतळावर डोळे पुसून आपण ज्यांना निरोप देतो, ती मुले त्या देशात रंगाने सावळीच असतात. त्यांच्या टेबलाशी कोणी तरी येऊन बसावे, असे आपणास वाटते. वाटणारच.

आणि दुसरे असे की, परदेशी आणि परप्रांतीय मुले आपल्याकडेही आहेत. पुण्यात आफ्रिकेतून आणि पश्चिम आशियातून मुले शिकावयास येतात. ईशान्य भारतातील मुले मुंबई-पुण्यात आहेत, दिल्लीत आहेत. २०१४ साली दिल्लीत अरुणाचल प्रदेशच्या एका तरुण विद्यार्थ्याच्या केसांची टर उडविण्यात आली, त्यातून मारहाण झाली आणि तो पोर जिवाला मुकला. त्यानंतर सरकारने बेझबरुआ समिती नेमली. टरेतून सुरू झालेली गोष्ट मरणापर्यंत गेली, हे वाचून माझ्या अंगावर काटा आला. कारण टोपणनाव ठेवणाऱ्यांत मीही होतो.

करावयाचे ते फार मोठे नाही. नव्या मुलाचे नाव दोनदा विचारून घ्यावे आणि नीट उच्चारावे. आपल्या सोयीचे नवे नाव त्याला देऊ नये. तो एकटाच आहे म्हणून त्याच्या सबंध देशाचा किंवा जातीचा जबाब त्याच्याकडे मागू नये. प्रयोगशाळेत, प्रकल्पात जोड्या आणि गट पाडताना "हवे त्याच्याबरोबर बसा" असे शिक्षकांनी म्हणू नये. हवे त्याच्याबरोबर बसा म्हटले की नेहमीचेच लोक नेहमीच्याच लोकांबरोबर बसतात, आणि कोणी तरी उरतो. कोणी अपशब्द वापरला, तर ज्याला तो लागला त्यानेच तक्रार करावी, ही वाट पाहू नये. शेजारच्याने तेथल्या तेथे "हे बरे नव्हे" म्हणावे. आणि रेक्टरसाहेबांना विनंती की, दिवाळीत मेस सर्वस्वी बंद ठेवू नये. दहा मुलांचे का होईना, पण पान मांडावे.

एक गोष्ट मात्र विसरू नये. पहिला नमस्कार करण्याचे ओझे नव्याने आलेल्यावर टाकू नये. "तोच बोलत नाही, घुमा आहे," असे आम्ही त्या आफ्रिकी मुलाविषयी म्हणत असू. आज वाटते, तीनशे मुलांच्या वसतिगृहात एकट्याने तीनशे दारे ठोठवावी, ही अपेक्षा आम्ही कोणत्या तोंडाने करीत होतो? जे संख्येने अधिक आहेत, ज्यांचे ते घर आहे, त्यांनीच आधी बोलावयाचे असते. आपल्या आया हेच करीत आल्या. दारात आलेल्याला पाण्याचा तांब्या आधी, चौकशी नंतर.

माझ्या मुलीचे पुढे काय झाले, ते सांगावयाचे राहिले. महिन्याभराने तिचा पुन्हा फोन आला. प्रयोगशाळेतल्या एका कृष्णवर्णीय मुलीने तिला दुपारी आपल्या टेबलावर बोलाविले होते. "तू रोज एकटीच खातेस, आज इकडे ये," एवढेच ती म्हणाली. मग त्या टेबलावर मेतकूट-भाताची चव सगळ्यांनी घेतली. सांगताना माझी मुलगी हसत होती. मी मात्र गप्प होतो. ज्याला चार चकल्या देण्याची मला लाज वाटली, त्याच्याच रंगाच्या कोणा मुलीने माझ्या लेकीला जवळ केले होते.

तेव्हापासून आमच्या घरी एक रिवाज पडला आहे. दिवाळीच्या पहिल्या दिवशी जवळच्या वसतिगृहात जाऊन सुट्टीत मागे राहिलेल्या मुलांना आम्ही फराळाला बोलावतो. पहिल्या वर्षी दोघे आले, मागच्या वर्षी अकरा. एकाने अनारसा हातात घेऊन तो कोणत्या फळाचा, असे विचारले, तेव्हा माझी पत्नी हसून हसून बेजार झाली. तरीही पंगतीत कोणी उंच, अबोल मुलगा बसलेला दिसला की माझा हात वाढता वाढता क्षणभर थांबतो. त्या १९८१ च्या मुलाचे नाव मला आजही ठाऊक नाही. टोपणनाव तेवढे आठवते.

आपल्या गावात वसतिगृह असेल, तर यंदा लक्ष्मीपूजनाच्या आधी एकदा तिकडे डोकावून पाहा. मेसला कुलूप असेल. कोणत्या तरी खोलीत दिवा लागलेला असेल. दार वाजवा, आणि आपले नाव सांगून त्याचे नाव विचारा.